कार्डवाचक यंत्रातील बफर-दोष आणि त्याची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भट्टीचे तापमान नोंदवणाऱ्या यंत्रातील मेमरी कार्ड वाचून पाळीचा अहवाल तयार करणारे एक छोटे वाचकयंत्र आम्ही कोल्हापुरात बनवतो. त्यातील फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये बफर हाताळण्याचा एक दोष होता आणि तो आता दुरुस्त झाला आहे. हे यंत्र वापरणारे फौंड्रीतील कर्मचारी आणि या कोडचा आधार घेऊन स्वतःची यंत्रे बनवणारे विद्यार्थी या दोघांकडून आलेले प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरे लांब झाली आहेत, कारण दोष नेमका कोठे होता हे समजल्याशिवाय दुरुस्तीवर विश्वास ठेवा असे कोणाला सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही.

नेमके काय बिघडत होते?

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीतून पहिली तक्रार आली. तेथील अहवालात रोज रात्री ८ वाजून १३ मिनिटे ३० सेकंदांनी भट्टीचे तापमान शून्य दिसत असे. त्याच्या आधीची आणि नंतरची नोंद मात्र १४०० अंशांच्या वर असे. वितळलेल्या बिडाने भरलेली भट्टी दहा सेकंदांत शून्यावर जाऊन परत तापणे अशक्य आहे, हे तेथील प्रत्येकाला ठाऊक होते. त्यामुळे संशय गेला तो वीजपुरवठ्यावर. त्या वेळी भार वाढतो, क्षणभर व्होल्टेज पडते आणि तापमापकाचा संकेत तुटतो, असा समज झाला. साप्ताहिक सुट्टीला भट्टी आणि नोंदयंत्र दोन्ही बंद असत, त्या दिवशी शून्य येत नसे. ज्या दिवशी दुपारी वीज जाई, त्या दिवशी शून्याची वेळ तेवढीच पुढे सरके. विजेवरचा संशय या दोन्ही गोष्टींनी अधिकच पक्का केला.

प्रत्यक्षात वीज निर्दोष होती, तापमापक निर्दोष होता आणि कार्डावरील फाइलही निर्दोष होती. तीच फाइल संगणकावर उघडली की ८ वाजून १३ मिनिटे ३० सेकंदांची ओळ पूर्ण आणि बरोबर दिसत असे. चूक आमच्या वाचण्यात होती.

बफर म्हणजे येथे काय आणि तो एकच का आहे?

मेमरी कार्डावरून सहसा एकेक बाइट मागत नाहीत. एका वेळी ५१२ बाइटांचा पूर्ण सेक्टर घेतात आणि तो ठेवण्यासाठी यंत्राच्या मेमरीत तेवढी जागा राखून ठेवावी लागते. ही राखीव जागा म्हणजे बफर. आमच्या यंत्रातील ॲटमेगा ३२८पी या चिपमध्ये चालू कामासाठी अवघी २ किलोबाइट मेमरी आहे, म्हणजे एक बफर ठेवला तरी तिचा चौथा हिस्सा संपतो. म्हणून एकाच बफरात कधी फाइलचा मजकूर येतो, कधी फोल्डरची यादी येते, तर कधी फॅट नावाचा तक्ता येतो. फाइलचा पुढचा तुकडा कार्डावर कोठे आहे, हे त्या तक्त्यात लिहिलेले असते. एकच बफर वापरण्यात गैर काही नाही, लहान यंत्रांत ही पद्धत सर्रास वापरली जाते.

मात्र तीन कामांना एकच जागा दिली की या क्षणी तेथे काय ठेवले आहे, याची नोंद काटेकोरपणे ठेवावी लागते. आमच्या कोडमध्ये त्यासाठी एक चल आहे. बफरात सध्या कितव्या क्रमांकाचा सेक्टर आहे, एवढेच ते सांगते. आपसांत आम्ही त्याला चिठ्ठी म्हणतो, आणि येथेही तोच शब्द वापरला आहे. मार्केट यार्डात गुळाच्या थप्पीवर माल कोणाचा याची चिठ्ठी लावली, नंतर थप्पी हलवून त्या जागी दुसऱ्याचा गूळ रचला आणि चिठ्ठी मात्र तशीच राहिली, तर पुढचा प्रत्येक व्यवहार नियमाप्रमाणे होऊनही चुकीचाच होईल. आमच्या कोडमध्ये नेमके हेच घडत होते. फॅटचा तक्ता वाचणारी उपक्रिया बफरातला माल बदलत होती आणि चिठ्ठी बदलत नव्हती.

मग प्रत्येक ओळ का बिघडत नव्हती? रोज एकच ओळ, तीही ठरलेल्या वेळीच का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. उत्तरासाठी थोडी आकडेमोड करावी लागेल, पण दोष सापडला तो याच आकडेमोडीतून.

नोंदयंत्र रोज मध्यरात्री नवी फाइल सुरू करते आणि दर दहा सेकंदांनी एक ओळ लिहिते. ओळीत तारीख, वेळ, भट्टीचा क्रमांक, तापमान आणि वीजभार मिळून ३५ अक्षरे असतात, शेवटी ओळ संपल्याचे चिन्ह असते, म्हणजे एकूण ३६ बाइट. दिवसाच्या ८,६४० ओळी आणि ३,११,०४० बाइट होतात. कार्ड २ गिगाबाइटचे, फॅट१६ पद्धतीचे असून त्यावरील जागा ३२ किलोबाइटांच्या क्लस्टरमध्ये वाटलेली आहे, म्हणजे एका क्लस्टरमध्ये ३२,७६८ बाइट किंवा ६४ सेक्टर असतात.

वाचकयंत्र ओळीच्या आरंभापासून ६४ बाइट उचलते, त्यात ओळ संपल्याचे चिन्ह शोधते आणि त्या चिन्हाच्या लगेच पुढे मागे सरकून पुढच्या ओळीला लागते. प्रत्येक वाचनात ६४ बाइट पुढे आणि २८ बाइट मागे असा हा प्रवास चालतो. बहुतेक वेळा मागे सरकणे त्याच क्लस्टरच्या आत होते आणि तक्ता पाहावाच लागत नाही. वाचन क्लस्टरची सीमा ओलांडून पलीकडे गेले तरी बिघडत नसे, कारण तक्ता पाहून झाल्यावर पलीकडचा सेक्टर रीतसर आणला जाई आणि चिठ्ठीही बदले.

बिघाड होण्यासाठी ६४ बाइटांचे वाचन अगदी क्लस्टरच्या सीमेवरच संपावे लागते. तसे झाले की आमचा कोड, पुढचा बाइट कोणी मागितलेला नसतानाही, पुढचा क्लस्टर आधीच शोधून ठेवण्यासाठी तक्ता वाचत असे. बफरात तक्ता येई, चिठ्ठीवर मात्र संपलेल्या क्लस्टरच्या शेवटच्या सेक्टरचा क्रमांक राही. मग वाचन २८ बाइट मागे, म्हणजे त्याच शेवटच्या सेक्टरात सरके. कोड चिठ्ठी पाही, हवा तो सेक्टर आधीच बफरात आहे असे समजे आणि तापमानाच्या जागी तक्त्याचे बाइट उचलून देई.

३६ बाइटांच्या ओळी आणि ३२,७६८ बाइटांचे क्लस्टर यांचा असा मेळ दर नऊ क्लस्टरांत एकदाच, आठव्या सीमेवर जुळतो. आठवी सीमा २,६२,१४४व्या बाइटावर येते. तिच्या बरोबर २८ बाइट आधी, २,६२,११६व्या बाइटावर, ७,२८२वी ओळ सुरू होते. मध्यरात्रीपासून तिच्या आधीच्या ७,२८१ ओळींचे ७२,८१० सेकंद मोजले की घड्याळात रात्रीचे ८ वाजून १३ मिनिटे ३० सेकंद होतात. मेळ पुन्हा जुळण्यासाठी आणखी ८,१९२ ओळी लागतात, तोवर दिवस संपून नवी फाइल सुरू झालेली असते. दुपारी वीज गेली की तेवढ्या ओळी लिहिल्या जात नाहीत, म्हणून ७,२८२वी ओळ उशिरा येते आणि शून्यही तिच्याबरोबर पुढे सरकते.

आम्ही कित्येक दिवस घड्याळाकडे पाहत होतो. ज्या संध्याकाळी वेळ सोडून बिघडलेल्या ओळीच्या आधीच्या ओळी मोजल्या आणि त्यांना ३६ने गुणले, त्या संध्याकाळी २,६२,१४४ ही ओळखीची संख्या २८ बाइटांवर उभी दिसली. ही संख्या म्हणजे २चा अठरावा घात. फाइलमधील बिघाडाची जागा २च्या घाताजवळ पडली, तर तिचे कारण वीज, हवामान किंवा माणूस यांत सहसा नसते. ते सेक्टर, क्लस्टर किंवा बफर यांच्या सीमेवर असते.

बहुतेक वेळा शून्यच का दिसे आणि काही दिवस विचित्र चिन्हे का दिसत?

बिघडलेल्या ओळीचे पहिले २८ बाइट तक्त्याच्या सेक्टरातील शेवटचे २८ बाइट असत. फॅट१६ तक्त्यात प्रत्येक नोंद २ बाइटांची असते, म्हणून एका सेक्टरात २५६ नोंदी मावतात आणि शेवटच्या २८ बाइटांत १४ नोंदी येतात. कार्ड नवे असेपर्यंत त्या नोंदी रिकाम्या, म्हणजे शून्य असतात. सी भाषेत शून्य बाइट हा अक्षरमालेचा शेवट मानला जातो, त्यामुळे ओळ आरंभीच संपलेली दिसे आणि रिकाम्या अक्षरमालेतून काढलेली संख्या शून्य येई.

रोजची फाइल दहा क्लस्टर व्यापते. साडेतीन आठवड्यांच्या सुमारास तक्त्याचा तो कोपरा भरू लागतो. सलग मांडलेल्या फाइलची प्रत्येक नोंद पुढच्या क्लस्टरचा क्रमांक सांगते, त्यामुळे तेथे (सोळाच्या पायावरील, म्हणजे हेक्साडेसिमल अंकांत लिहिले तर) एफ४ ००, एफ५ ००, एफ६ ०० असे एकेकाने वाढणारे बाइट दिसतात. हेच बाइट अहवालाच्या तारखेच्या रकान्यात विचित्र चिन्हे म्हणून उमटत. पहिल्या आठवड्याची फाइल महिनाअखेरीस पुन्हा वाचली, तर आधी जेथे शून्ये होती तेथे आता ही चिन्हे येत. फाइल तीच, तिच्यावर एकही नवे अक्षर लिहिलेले नाही आणि तरी वाचलेला मजकूर वेगळा, ही खूण आमच्या फार उपयोगी पडली. वाचले जात होते ते फाइलमधले नव्हतेच, हे तिने दाखवून दिले.

आपल्या कोडमध्ये फाइलच्या मजकुरात एकेकाने वाढत जाणाऱ्या दोन किंवा चार बाइटांच्या संख्या दिसल्या, तर सर्वप्रथम फॅट तक्त्याचा संशय घ्यावा.

चाचण्यांमध्ये हा दोष का सापडला नाही?

आमची मुख्य चाचणी कार्डावरची फाइल आरंभापासून शेवटपर्यंत सलग वाचून मूळ फाइलशी बाइटागणिक ताडून पाहण्याची होती. सलग वाचनात मागे सरकणे नसते, म्हणून ती चाचणी प्रत्येक वेळी उत्तीर्ण होई. ओळीगणिक वाचण्याची चाचणीही होती, पण तिच्यात दोनशे ओळींची फाइल होती. ती पहिल्या क्लस्टरच्या बाहेरही जात नव्हती.

काही विद्यार्थ्यांनी हाच कोड संगणकावर ॲड्रेससॅनिटायझर आणि व्हॅलग्राइंड या साधनांखाली चालवून पाहिला आणि काहीच सापडले नाही म्हणून आश्चर्य व्यक्त केले. ही दोन्ही साधने फार मोलाची आहेत आणि ती वापरलीच पाहिजेत. पण बफराच्या हद्दीबाहेर पाऊल पडते का, मोकळी केलेली किंवा कधीच न भरलेली जागा वापरली जाते का, हे पाहणे त्यांचे काम. येथे प्रत्येक वाचन ५१२ बाइटांच्या हद्दीत होते आणि वाचलेला प्रत्येक बाइट रीतसर भरलेला होता. फक्त तो दुसऱ्याच सेक्टरचा होता. या बफरात अमुक सेक्टर असायला हवा, ही अपेक्षा कोडच्या अर्थाचा भाग आहे. ती आपण तपासणीच्या रूपाने लिहून ठेवली नाही, तर कोणत्याही साधनाला कळणार नाही.

दुरुस्ती नेमकी काय केली?

पहिली आणि महत्त्वाची दुरुस्ती अशी की कार्डावरून बफरात सेक्टर आणण्याचा मार्ग आता एकच ठेवला आहे. पूर्वी मजकूर वाचणारी उपक्रिया चिठ्ठी पाहून चाले, तर तक्ता वाचणारी उपक्रिया थेट कार्डाशी बोले. आता दोघींना, आणि फोल्डरची यादी वाचणाऱ्या तिसरीलाही, एकाच दारातून जावे लागते. थेट कार्डाशी बोलणारे फंक्शन हे दार ज्या कोड-फाइलमध्ये आहे तिच्यापुरतेच मर्यादित केले आहे. बाहेरून ते कोणी वापरू पाहिले, तर कोड जोडलाच जात नाही.

त्या दारातील पायऱ्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. मागितलेला क्रमांक चिठ्ठीवर असेल, तर काहीच न करता परत यायचे. नसेल, तर आधी चिठ्ठी रद्द करायची, मग कार्डावरून सेक्टर आणायचा आणि तो पूर्ण व बिनचूक आल्याची खात्री झाल्यावरच चिठ्ठीवर नवा क्रमांक लिहायचा. चिठ्ठी आधीच बदलली आणि कार्डाने मध्येच त्रुटी कळवली, तर अर्धा नवा आणि अर्धा जुना सेक्टर बफरात राहतो आणि चिठ्ठी मात्र सर्व ठीक असल्याचे सांगते. भट्टीजवळच्या धुळीत आणि उष्णतेत कार्डाचे संपर्क बिघडणे ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून ही शक्यता कागदावरची नाही.

रद्द चिठ्ठीसाठी शून्य हा क्रमांक वापरू नये. शून्य क्रमांकाचा सेक्टर कार्डावर खरोखर असतो आणि कार्डाची मूलभूत माहिती वाचताना पहिल्यांदा तोच मागितला जातो. आम्ही ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या वापरतो, तेवढ्या क्रमांकाचा सेक्टर या कार्डांवर असू शकत नाही.

दुसरी दुरुस्ती म्हणजे पुढचा क्लस्टर आधीच शोधून ठेवण्याची सवय काढून टाकली. आता पुढचा बाइट प्रत्यक्ष मागितला गेल्यावरच तक्ता पाहिला जातो.

दुसरी दुरुस्ती एकटीच पुरेशी नव्हती का? तेवढ्याने शून्य येणे थांबते, असे आम्ही पाहिले आहे.

थांबते, हे खरे आहे. आम्हीही प्रथम तेवढीच दुरुस्ती केली, रात्रीचे शून्य नाहीसे झाले आणि काम संपले असे आम्ही फौंड्रीला कळवले. ते कळवणे घाईचे होते. काही दिवसांनी तेथील एका पर्यवेक्षकांनी दाखवले की अहवाल चालू असताना कार्डावरील शिल्लक जागा पाहण्याचे बटण दाबले, तर लगेच पुढची ओळ कधीकधी बिघडते. शिल्लक जागा मोजण्यासाठी संपूर्ण तक्ता वाचावा लागतो. तो वाचून झाल्यावर बफरात तक्त्याचा शेवटचा सेक्टर राही आणि चिठ्ठीवर अहवालातील चालू सेक्टरचा क्रमांक. दोष तोच होता, फक्त त्याच्याकडे जाण्याची एक वाट आम्ही बुजवली होती आणि बाकीच्या उघड्या होत्या.

लक्षण दिसेनासे झाले म्हणजे कारण गेले असे नसते, हे त्या पर्यवेक्षकांनी एका बटणाने आम्हाला शिकवले. त्यांचे आम्ही ऋणी आहोत. दोन्ही दुरुस्त्या आता एकत्र दिल्या जातात. त्यांपैकी एकच ठेवायची झाली, तर ती पहिली ठेवावी.

माझ्या जुन्या कार्डांवरील नोंदी खराब झाल्या आहेत का?

नाहीत. वाचकयंत्र कार्डावर काहीच लिहीत नाही. जुनी कार्डे दुरुस्त यंत्रात पुन्हा वाचावीत, सर्व ओळी बरोबर मिळतील. जुन्या अहवालांवरून काढलेल्या सरासऱ्या मात्र पुन्हा काढाव्या लागतील, कारण प्रत्येक पूर्ण दिवसात एक खोटे शून्य मिसळलेले आहे.

आम्ही याच कोडला लिहिण्याची सोय जोडली आहे. आम्हाला धोका आहे का?

आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. लिहिणाऱ्या कोडमध्ये बफराला चिठ्ठीशिवाय आणखी एक खूण लागते, ती म्हणजे बफरात बदल झाला असून तो अद्याप कार्डावर उतरलेला नाही ही. अशा वेळी तक्ता वाचणारी उपक्रिया चिठ्ठी आणि खूण दोन्ही न पाहता बफर भरते. न उतरलेला बदल तेथेच नष्ट होतो. एवढ्यावर ते थांबत नाही. खूण अजून लागलेलीच असल्याने पुढच्या संधीला कोड बफरातील तक्त्याचे बाइट चिठ्ठीवरील क्रमांकाच्या, म्हणजे तुमच्या मजकुराच्या सेक्टरवर लिहून टाकतो. वाचण्यातील चूक पुन्हा वाचून सुधारता येते, ही मात्र कायमची होते. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत लिहिण्याची सोय बंद ठेवावी आणि एकाच दाराच्या नियमात आणखी एक पायरी जोडावी : चिठ्ठी रद्द करण्यापूर्वी न उतरलेला बदल कार्डावर उतरवावा आणि तो उतरल्याची खात्री करावी.

तक्त्यासाठी वेगळा बफर ठेवला असता, तर हा प्रश्नच आला नसता, नाही का?

हा विशिष्ट प्रश्न आला नसता. ज्यांच्या चिपमध्ये मेमरी भरपूर आहे, त्यांनी वेगळा बफर जरूर ठेवावा, त्याने वेगही वाढतो. आमच्याकडे दोन बफर म्हणजे निम्मी मेमरी जाते, आणि उरलेल्या जागेत पडदा, घड्याळ व अहवाल बसवणे शक्य झाले नाही. पण दोन बफर ठेवले तरी प्रत्येकाला स्वतःची चिठ्ठी लागतेच.

दुरुस्तीमुळे यंत्र मंद झाले आहे का?

जाणवण्याइतके नाही. ५१२ बाइट म्हणजे ४,०९६ बिट, आणि आमच्या यंत्राच्या ४ मेगाहर्ट्झ वेगाने ते आणायला साधारण १ मिलिसेकंद, त्याखेरीज कार्ड सिद्ध होईपर्यंतची वाट.

दुरुस्ती खरोखर झाली आहे, हे आम्ही स्वतः कसे तपासावे?

नऊ क्लस्टरांतून एकदा येणाऱ्या दोषाची वाट पाहत बसू नये, तो वारंवार यावा अशी फाइल तयार करावी. ओळ ३६ऐवजी ३२ बाइटांची केली की ६४ बाइटांचे वाचन प्रत्येक क्लस्टरच्या सीमेवर बरोबर संपते. जुन्या कोडवर प्रत्येक १,०२४वी ओळ बिघडलेली दिसेल, नव्या कोडवर एकही नाही. प्रत्येक ओळीत तिचा स्वतःचा क्रमांक लिहावा, म्हणजे बिघडलेली ओळ शोधावी लागत नाही. ही फाइल आधी जुन्या कोडवर चालवून दोष दिसतो हे पाहावे, हा आमचा आग्रह आहे. जी चाचणी जुन्या कोडवरही उत्तीर्ण होते, ती या दुरुस्तीबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरी चाचणी यादृच्छिक उड्यांची. संगणकावर कार्डाची प्रतिमा, म्हणजे बाइटागणिक प्रत, घेऊन कोणत्याही जागी उडी मारावी, काही बाइट वाचावेत, मध्येच शिल्लक जागा विचारावी, मागे यावे, आणि प्रत्येक वाचन मूळ फाइलशी ताडावे. उड्या निवडताना सीमेच्या एक बाइट अलीकडे, सीमेवर आणि एक बाइट पलीकडे या तीन जागा मुद्दाम अधिक वेळा घ्याव्यात.

फाइलचा शेवट नेमका क्लस्टरच्या सीमेवर आला तर?

त्या वेळी पुढचा क्लस्टर नसतो. फॅट१६मध्ये तक्त्यात एफएफएफ८ किंवा त्याहून मोठी संख्या असते, ती फाइल संपल्याची खूण आहे. तिला क्लस्टरचा क्रमांक समजून वाचायला जाऊ नये. फाइलची लांबी फोल्डरच्या नोंदीत असते, त्यामुळे किती बाइट शिल्लक आहेत ते आधी काढावे आणि मागणी तेवढ्यावर आणावी. मात्र लांबीतून सध्याची जागा वजा करण्यापूर्वी जागा लांबीपेक्षा मोठी नाही ना, हे पाहावे. हे आकडे बिनचिन्ह असतात. लहानातून मोठे वजा केले की उणे संख्या येत नाही, प्रचंड मोठी संख्या येते आणि मर्यादा घालणारी ओळच मर्यादा उठवते.

फॅट१२ किंवा फॅट३२ कार्डांवर हाच दोष येतो का?

येतो, फक्त आकडे बदलतात. फॅट३२मध्ये नोंद ४ बाइटांची असते आणि तिचे वरचे ४ बिट वापरण्यापूर्वी झाकावे लागतात. फॅट१२मध्ये नोंद दीड बाइटाची असल्याने आणखी एक अडचण आहे. ३४१वी नोंद तक्त्याच्या ५११व्या बाइटावर सुरू होते आणि तिचा उरलेला भाग पुढच्या सेक्टरात जातो. अशी नोंद एका दमात दोन बाइट उचलून वाचली, तर दुसरा बाइट बफराच्या हद्दीबाहेरचा असतो. तेथे ॲड्रेससॅनिटायझर ओरडेल आणि त्याचे ऐकावे.

मी संगणकावर फाइल वाचण्यासाठी लिनक्सचे रीड हे फंक्शन वापरतो. मला यातले काय लागू पडते?

सेक्टर आणि क्लस्टर यांची काळजी तेथे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घेते, पण बफर तुमचाच असतो. रीडने मागितले तेवढेच बाइट दिले असतील असे धरू नये. ते कमी देऊ शकते, शेवटी शून्य देते आणि त्रुटी आली तर उणे एक. किती दिले तेवढेच खरे, बफराच्या उरलेल्या भागात मागच्या वाचनाचा मजकूर पडलेला असू शकतो. रीड अक्षरमालेचा शेवट दाखवणारा शून्य बाइटही लावत नाही, तो आपण लावायचा आणि त्यासाठी एक जागा राखून ठेवायची.

मराठी मजकूर वाचणाऱ्यांना एक खास सूचना. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. कोल्हापूर या शब्दात काना, मात्रा आणि हलंत धरून नऊ चिन्हे आहेत, म्हणजे २७ बाइट. ४,०९६ला ३ने भागले की १ उरतो. निव्वळ देवनागरी मजकूर ४,०९६ बाइटांच्या बफराने वाचला, तर बफराच्या शेवटी एका चिन्हाचा पहिलाच बाइट येतो आणि उरलेले दोन पुढच्या खेपेला. तो बफर तेथेच पडद्यावर छापला की त्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्हाचे चौकट दिसते. म्हणून शेवटचे अपुरे चिन्ह मागे ठेवावे आणि पुढच्या बफराच्या आरंभी जोडावे.

अशा चुका फक्त लहान यंत्रांच्या कोडमध्येच होतात का?

नाही. लिनक्स कर्नलमध्ये मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेला डर्टी पाइप हा दोष याच कुळातील होता. मॅक्स केलरमान यांनी तो शोधला आणि त्यांच्या शोधाची सुरुवातही बिघडलेल्या नोंद-फाइलींच्या तक्रारीतून झाली होती. तेथे बफराबरोबर ठेवलेल्या खुणांचे चल नव्या वापरापूर्वी स्वच्छ केले जात नव्हते. मागच्या वापराची खूण तशीच राहिल्याने केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलच्या मेमरीतील प्रतीवर लिहिता येत होते. दुरुस्ती अगदी थोड्या अक्षरांची होती आणि ती ५.१६.११, ५.१५.२५ व ५.१०.१०२ या आवृत्त्यांत आली. तेथेही बफरातील बाइट आणि त्यांच्याबद्दलची खूण यांची फारकत झाली होती.

ओळ वाचता आली नाही, तर अहवालात काय दाखवले जाते?

पूर्वी शून्य दाखवले जाई, आता रिकामी जागा दाखवली जाते आणि अहवालाच्या शेवटी अशा ओळींची संख्या येते. हा बदल बफराशी संबंधित नसला, तरी आम्हाला तो तितकाच आवश्यक वाटतो. न वाचलेली नोंद आणि शून्य ही नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाच कोड कोणी पाणीपातळी नोंदवण्यासाठी वापरला, असे समजा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे पावसाळ्यात कोल्हापुरात लहान मुलेही सांगतात. सहा नोंदींपैकी पाच ४३ फुटांच्या आणि एक खोटे शून्य असेल, तर सरासरी ३६ फुटांखाली जाते, म्हणजे इशारा पातळीच्याही खाली. ते शून्य पाहणाऱ्या माणसाला कळेल, पण सरासरीच पाहणाऱ्याला कळणार नाही.

नवा कोड चढवताना यंत्रातील तापमापकाची जुळणी पुसली जाईल का?

यंत्राच्या जोडकेबलने, बूटलोडरमार्फत (नवा कोड उतरवून घेणाऱ्या, चिपमधल्याच छोट्या प्रोग्राममार्फत) कोड चढवला तर नाही, कारण जुळणीचे आकडे ईईप्रॉम या वेगळ्या मेमरीत असतात. प्रोग्रामर जोडून संपूर्ण चिप पुसली, तर ईईप्रॉमही पुसली जाते, मात्र ती राखण्याचा ईईसेव्ह हा फ्यूज (चिपमधील एक सेटिंग) आधी लावलेला असेल तर ती टिकते. कोणता मार्ग घेणार हे नक्की नसेल, तर आधी जुळणीच्या पडद्यावरील चारही आकडे कागदावर उतरवून घ्यावेत.